घरचा मुलगा आणि बाजारभाव

काही शब्द वस्तूंच्या बाबतीत आपण बिनदिक्कत वापरतो; तेच माणसाला लावले की जिभेला चटका बसतो. ‘विकणे’ हा त्यांतलाच एक. रद्दी विकावी, जुने पितळ विकावे, अडचणीच्या काळी काळजावर दगड ठेवून शेताचा तुकडाही विकावा. पण माणूस विकावा, हे कोणी म्हटले तर आपण त्याच्याकडे रोखून पाहू. आणि तरीही रोज सकाळी वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर ‘अमुक क्लबाने तमुक खेळाडू इतक्या कोटींना विकला’ हे वाक्य आपण वाचतो, चहाचा घोट घेतो आणि पान उलटतो. चहा अंगावर सांडतो तो एकाच वेळी: विकला गेलेला मुलगा घरचा असतो तेव्हा.

‘घरचा’ म्हणजे कोण, ते आधी सांगायला हवे. फुटबॉलच्या मोठ्या क्लबांच्या पदरी अकादमी असते. तिथे आठ-नऊ वर्षांची पोरे येतात. त्यांना चेंडू कसा अडवावा येथपासून जेवणात काय असावे येथपर्यंत सारे शिकवले जाते. शंभरांतली नव्वदांहून अधिक वाटेतच गळतात. एखादा टिकतो, मोठ्या संघाचा सदरा अंगावर चढवतो, आणि प्रेक्षकांत बसलेला चाहता शेजाऱ्याच्या पाठीवर थाप मारून म्हणतो, “हा आपला!” बाहेरून विकत आणलेल्या दहा नामवंतांपेक्षा हा एक ‘आपला’ त्याला प्यारा असतो. आणि नेमका तोच एके दिवशी विकला जातो.

आमच्या अमळनेरात फुटबॉलचे वेड फार आहे असे म्हणणे धाडसाचे ठरेल. इकडे मैदानावर पहिला हक्क क्रिकेटचा. पण दूरचित्रवाणीने जग माजघरात आणून बसवल्यापासून कोणाचे मन कुठे गुंतेल याचा नेम राहिलेला नाही. आमच्या शेजारचा एक कॉलेजकुमार इंग्लंडातल्या न्यूकॅसल गावच्या क्लबावर जीव टाकतो. आपल्या बोरी नदीला शेवटचा मोठा पूर कधी आला हे त्याला सांगता येणार नाही. पण तिकडच्या टाईन नदीवरचे पूल तो बोटांवर मोजून दाखवील! 2024 च्या जुलैमध्ये हा चिरंजीव तोंड पाडून आमच्या ओट्यावर आला.

“काका, विकला हो त्यांनी! घरचा पोऱ्या विकला!”

त्याची आजी तिथेच तांदूळ निवडत होती. तिने चष्म्यावरून पाहिले आणि विचारले, “कोणाचा रे पोऱ्या? अन् हुंडा किती घेतला?”

आम्ही सगळे हसलो. पण म्हातारीने दोन शब्दांत मर्म पकडले होते. मुलाला भाव लावण्याची रीत आपल्याला काही नवी नाही. आपण तिला फक्त वेगळे नाव दिले आणि 1961 साली कायद्याने बंदी घातल्यावरही ती पुरती सोडली नाही. जिथे जिथे मुलाचा भाव ठरतो तिथे तिथे विचारण्याचे प्रश्न दोनच: भाव कोणी ठरवला, आणि पैसा कोणाच्या पिशवीत गेला?

तो पोऱ्या म्हणजे इलियट अँडरसन. न्यूकॅसलजवळच्याच व्हिटली बे या समुद्रकाठच्या गावचा. आठव्या वर्षी क्लबाच्या अकादमीत आला. त्याचे आजोबा जेफ ॲलन हे 1960 च्या दशकात याच क्लबाकडून खेळलेले. म्हणजे घराणेही त्याच गादीचे. तो खेळात कमी पडला होता असे नाही, प्रशिक्षकालाही तो नकोसा झाला नव्हता. तरी जूनच्या अखेरीस त्याचा सौदा नॉटिंगहॅम फॉरेस्ट या क्लबाशी झाला. वर्तमानपत्रांनी आकडा दिला साडेतीन कोटी पौंडांचा. पुढे 2025 साली तो इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातून खेळला, तेव्हा न्यूकॅसलच्या चाहत्यांनी टाळ्या वाजवल्या असतील; पण एक हात छातीवर ठेवून.

आता हा सौदा जूनच्या अखेरीसच का झाला? इथे आपल्या घरातल्या जमाखर्चाच्या वहीची थोडी मदत घ्यावी लागेल. तिकडच्या लीगमध्ये तेव्हा नियम असा होता, की क्लबाने तीन वर्षांत मिळून साडेदहा कोटी पौंडांपेक्षा अधिक तोटा करायचा नाही. केला तर गुण कापले जातात. आणि न्यूकॅसलचे हिशेबाचे वर्ष 30 जूनला संपत होते. म्हणजे मार्चअखेरीला आपल्याकडे जी धावपळ चालते तीच तिथे जूनअखेरीला!

आणि विकायचाच, तर घरचाच का? समजा, क्लबाने पन्नास लाखांना एक खेळाडू पाच वर्षांच्या कराराने आणला. हिशेबनीस ती रक्कम पाच वर्षांवर वाटतो, वर्षाला दहा लाख. दोन वर्षांनी त्याची वहीतली किंमत उरते तीस लाख. तो चाळीस लाखांना विकला तर नफा किती? दहा लाख. आता अकादमीतल्या मुलाचे पाहा. त्याला विकत घेतलेलाच नाही, तेव्हा वहीत त्याची किंमत शून्य. तो चाळीस लाखांना गेला की चाळीसचे चाळीस नफा! परसातल्या झाडाच्या कैऱ्यांचे लोणचे विकण्यासारखे आहे हे. कैरीला पैसा पडलेला नाही, म्हणून सारी विक्री नफा. ते झाड ज्याने दहा वर्षे पाणी घालून वाढवले त्याच्या पाठीचा मात्र वहीत कोठेही रकाना नाही.

हीच चाहत्यांची खरी दुखरी नस आहे. ज्याला सर्वांत जास्त जपावे त्यालाच विकण्यात सर्वांत जास्त फायदा, असा उलटा न्याय. चेल्सी क्लबाने मेसन माउंट हा सहाव्या वर्षापासून वाढवलेला मुलगा 2023 साली विकला आणि कॉनर गॅलाघर हा तसाच लहानपणापासूनचा मुलगा 2024 साली. दोन्ही वेळा तिथले चाहते हळहळले, चिडले. त्यांची तक्रार ही नव्हती, की मुलगा गेला. तक्रार ही होती, की तो खेळामुळे गेला नाही, वहीमुळे गेला.

“हे सारे गोऱ्यांचे चोचले; आपल्याला काय त्याचे?” असे कोणी म्हणेल. तेव्हा जरा घराजवळ येऊ. फुटबॉल म्हटले की आपल्या शेजारी गोवा आहे. तिथे चर्चच्या अंगणापासून भातशेताच्या कोपऱ्यापर्यंत जागा मिळेल तिथे चेंडू उडतो. मडगावला लागून दवर्ली नावाचे गाव आहे. तिथला लिस्टन कुलासो. जन्म 1998 चा. साळगावकर क्लबात तो घडला, 2017 च्या संतोष करंडकात गोव्याकडून खेळला, आणि मग एफसी गोवा या राज्याच्या मोठ्या संघात गेला. पण तिथे त्याला मैदानावर उतरण्याची संधी मिळाली ती मोजकीच. बहुतेक वेळ कडेच्या बाकावर गेला. जानेवारी 2020 मध्ये तो हैदराबादच्या संघाकडे गेला, आणि गेला तेव्हा फारसा गाजावाजाही झाला नाही.

दैवाची गंमत पुढे आहे. करोनाच्या साथीमुळे 2020–21 चा इंडियन सुपर लीगचा सारा हंगाम प्रेक्षकांविना खेळवावा लागला, आणि तो खेळवला कुठे? गोव्यात! फातोर्डा, बांबोळी आणि वास्को इथे. म्हणजे गोव्याचा मुलगा, गोव्याच्याच मैदानांवर, आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर चमकला, पण हैदराबादच्या सदऱ्यात. आणि त्याला पाहायला गाववाले मैदानात नव्हते, कारण दारे बंद होती. मार्च 2021 मध्ये तो भारताकडून खेळला. त्याच वर्षी कलकत्त्याच्या एटीके मोहन बागानने त्याला हैदराबादकडून विकत घेतले. वर्तमानपत्रांनी रक्कम दिली एक कोटी रुपये. भारतीय खेळाडूसाठी ती त्या वेळी विक्रमी गणली गेली. पुढच्या हंगामात त्याने आठ गोल केले. त्यांतला एक डिसेंबर 2021 मध्ये, लांबून मारलेला, डोळ्यांचे पारणे फेडणारा. आणि तो कोणाविरुद्ध? एफसी गोवाविरुद्ध! सामना कलकत्तेकरांनी 2-1 असा जिंकला. गोव्यातल्या घराघरांत त्या रात्री लोकांनी अभिमानाने ऊर भरून घ्यावा की कपाळाला हात लावावा, हे कोणी सांगावे? आपल्याच विहिरीचे पाणी शेजाऱ्याच्या मळ्यात खेळताना पाहण्याचा तो प्रकार.

आणि आपला महाराष्ट्र? आपली कथा गोव्याहून एक पायरी पुढची आहे. पुण्यात 2007 साली पुणे फुटबॉल क्लब निघाला, त्याने चांगली अकादमीही उभी केली. केरळातल्या मलप्पुरमचा आशिक कुरुनियन हा मुलगा तिथे घडला. पुण्याने त्याला स्पेनमधल्या व्हियारेआल क्लबाच्या कनिष्ठ संघाकडे काही काळ धाडले, म्हणजे परदेशी शिक्षणासाठीच म्हणा ना. दरम्यान पुणे क्लबाच्या मालकांनी मोठा संघ बंद केला आणि 2016 मध्ये अकादमी एफसी पुणे सिटी या नव्या क्लबाकडे गेली. आशिक त्या संघातून गाजला, भारताकडूनही खेळला, आणि 2019 साली बंगळूरच्या क्लबाकडे गेला. बालेवाडीच्या स्टेडियममध्ये घसा फोडून ओरडणाऱ्या नारिंगी सदऱ्यातल्या पोरांनी सुस्कारा टाकला. पण तो सुस्कारा पुरता संपायच्या आत त्याच वर्षी खुद्द क्लबच बंद झाला! लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाला मिळाली. तोच तो संघ, ज्यात पुढे लिस्टन खेळला. त्या संघाने 2022 साली अजिंक्यपदही मिळवले. आणि 2025 साली तोही हैदराबाद सोडून दिल्लीचा झाला.

पाहा, म्हणजे न्यूकॅसलच्या चाहत्याचे दुःख हे, की घरातला मुलगा गेला. पुणेकर चाहत्याचे दुःख हे, की मुलगा गेला, म्हणून समजूत घालायला घरी परतावे, तर घरालाच कुलूप!

इतके सगळे ऐकून कोणाही भल्या माणसाला वाटेल, की हे विकणे बंदच करावे. मुलगा ज्याचा त्याच्याकडेच राहू द्यावा. पण थांबा, तोही प्रयोग होऊन गेला आहे, आणि गंमत म्हणजे न्यूकॅसललाच. 1960 साली जॉर्ज ईस्टहॅम नावाच्या खेळाडूला ते गाव सोडून जायचे होते. करार संपला होता. पण त्या काळी नियम असा, की करार संपला तरी क्लबाने ‘नाही’ म्हटले तर खेळाडूने दुसरीकडे खेळायचे नाही. ईस्टहॅमने खेळणेच थांबवले आणि पोट भरायला बुचांच्या लाकडाचा माल विकायचे काम धरले. शेवटी क्लब नमला, तो आर्सेनलकडे गेला. पण प्रकरण न्यायालयात गेले आणि 1963 साली न्यायाधीशांनी स्पष्ट सांगितले, की अशी दावण अन्यायाची आहे. मग 1995 साली बेल्जियमच्या बोसमन नावाच्या खेळाडूच्या खटल्यात युरोपच्या न्यायालयाने ठरवले, की करार संपला की खेळाडू मोकळा, आणि क्लबाला कवडीही मागता येणार नाही. म्हणूनच तर क्लब करार संपण्याआधी विकायची घाई करतात.

तेव्हा ‘जाऊ देऊ नका’ हे उत्तर नव्हे. मोठे होणाऱ्या मुलाला दावणीला बांधणे हे प्रेम नव्हे, हे आपल्यापैकी प्रत्येक घराला ठाऊक आहे. आपणच आपल्या मुलांना अमळनेरच्या स्टेशनावर गाडीत बसवून देतो. कोणी सुरतेला, कोणी पुण्याला, कोणी बंगळूरला. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून देतो, आणि गाडी हलली की डोळे पुसून घरी येतो. मुलगा गेला म्हणून त्याला कोणी शिव्या देत नाही. काही चाहते मात्र देतात. परक्या सदऱ्यात तोच मुलगा समोर आला की त्याच्यावर ओरडतात. तेवढे मात्र चुकीचे. अठरा-वीस वर्षांच्या पोराने कागदावर सही केली असेल. कागद त्याने लिहिलेला नसतो.

मग रागवायचे कोणावर, आणि मागायचे काय?

या बाबतीत जगाच्या फुटबॉल संघटनेने, म्हणजे फिफाने, 2001 साली एक शहाणपणाचा नियम केला आहे. फारसा कोणाला ठाऊक नसतो, म्हणून सांगतो. एखादा खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला, तर त्या रकमेतले शेकडा पाच हे त्याला वयाच्या बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत ज्या ज्या क्लबांनी शिकवले त्यांच्यात वाटायचे. बारा ते पंधरा या चार वर्षांना दर वर्षी रकमेचा पाव टक्का, सोळा ते तेवीस या आठ वर्षांना दर वर्षी अर्धा टक्का. गणित करून पाहा, बरोबर पाच होतात. आणि हे पहिल्याच सौद्याला नव्हे, पुढे दर वेळी तो करार चालू असताना असा विकला जाईल तेव्हा तेव्हा! म्हणजे कोणत्या तरी खेड्यातल्या छोट्या क्लबाने बारा वर्षांच्या पोराला बूट दिले असतील, तर तो पंचविसाव्या वर्षी कोटींना गेल्यावर त्या क्लबाच्या दारात पोस्टमन यायला हवा. देशातल्या देशात होणाऱ्या सौद्यांसाठी प्रत्येक देशाने आपापली व्यवस्था करावी, असे फिफाचे म्हणणे आहे.

मला हा नियम वाचल्यावर पहिल्यांदा आठवण झाली ती आमच्या गावाचीच. साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, छात्रालयातल्या मुलांचे तर ते आईच होते. त्या मुलांच्या पुढच्या मिळकतीतला पाव टक्का कोणी गुरुजींच्या नावे मांडला असता तर गुरुजी रागावलेच असते, हे खरे. पण गुरुजींनी मागितले नाही म्हणून गावाने विसरावे, असे थोडेच आहे? जी गावे मुले घडवतात आणि दुसऱ्यांच्या स्वाधीन करतात, त्यांचा वाटा जगाच्या वहीत कोठेच लिहिलेला नसतो. फुटबॉलने, पैशाच्या एवढ्या बाजारात बसूनही, तो निदान पाच टक्के लिहिला.

अमळनेरला दुसरीही एक गोष्ट ठाऊक आहे. 1945 साली हाशम प्रेमजी यांनी इथे वनस्पती तुपाची कंपनी काढली. तिचे काही शेअर गावातल्या साध्यासुध्या लोकांनीही घेतले. 1966 साली त्यांच्या निधनानंतर एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी कारभार पाहू लागले, आणि तुपासाबणाची ती कंपनी संगणकाच्या धंद्यात शिरून विप्रो या नावाने जगभर पसरली. तिचे मुख्य ठाणे बंगळूरला गेले. म्हणजे अमळनेरचा हा पोऱ्याही मोठा होऊन परगावीच गेला! पण फरक पाहा. ज्यांनी तो शेअरचा कागद पेटीत जपून ठेवला, त्यांचे नाते तुटले नाही. कंपनी दूर गेली तरी तिच्या भरभराटीचा वाटा त्यांच्या घरी येत राहिला. गाव सोडून गेली म्हणून या घरांत कोणी तिला बोल लावला नाही.

चाहत्यापाशी असा कागद नसतो. तो तिकीट काढतो, सदरा विकत घेतो, पावसात भिजतो, आजारी बापाच्या उशाशी बसूनही रेडिओवर निकाल ऐकतो. आणि एवढे करून त्याच्या हाती राहतो तो फाटलेल्या तिकिटाचा अर्धा तुकडा. जर्मनीने यावर एक तोड काढली आहे. तिथे 1998 पासून नियम आहे, की क्लबात बाहेरचा पैसा कितीही आला, तरी निम्म्याहून अधिक मते सभासदांकडेच राहिली पाहिजेत. थोडे अपवाद आहेत, पण रीत ती. म्हणून तिथे खेळाडू विकले जात नाहीत असे मुळीच नाही. भरपूर विकले जातात. परंतु वर्षाच्या सभेत सामान्य सभासद उभा राहून विचारू शकतो, “अहो, आपला पोरगा विकलात, पैशाचे काय केलेत?” आणि कोणाला तरी उत्तर द्यावे लागते.

माझ्या मते सारा तंटा या एका प्रश्नापाशी येऊन थांबतो. घरचा मुलगा विकला गेला, यात आपोआप पाप नाही. आलेल्या पैशातून पुढच्या दहा मुलांना मैदान, बूट आणि शिकवणारा माणूस मिळाला, तर चाहता दोन दिवस हळहळेल आणि तिसऱ्या दिवशी अकादमीतल्या नव्या पोराचे नाव पाठ करू लागेल. पण तो पैसा जुने खड्डे बुजवण्यात गेला, किंवा पुण्यासारखे दार लावून मालक निघून गेले, तर मग ती विक्री नव्हे. बियाण्याची ज्वारी दळून खाल्ली, असे आमच्या खानदेशात त्याला म्हणतील. भूक त्या दिवशी भागते. पेरणीला मात्र हात रिकामे.

आपल्या मुलाबाळांपैकी कोणी असा रात्री जागून, दूरच्या कुठल्या क्लबासाठी डोळ्यांत पाणी आणत असेल, तर त्याची चेष्टा करू नका. आमच्या शेजारच्या आजीने केली तशी चौकशी करा. भाव कोणी ठरवला, पैसा कोठे गेला, आणि त्या मैदानावर आता कोण पोर खेळते आहे, हे त्याला शोधायला सांगा. हिशेब मागायची सवय त्याला खेळातून लागली, तर पुढे गावच्या कारभारातही ती उपयोगी पडेल. आणि या दिवाळीत फटाक्यांच्या यादीतून दोन ओळी कमी करून आळीतल्या पोरांना एक बरा फुटबॉल घेऊन द्या. मैदान तेवढे त्यांना तुम्हीच शोधून द्यावे लागेल. ते हल्ली चेंडूपेक्षा दुर्मिळ झाले आहे.